पुढचे दात पडले म्हणून मुलगा चावत नाही? आधी दाढा बघा

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत लिहिते, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. मुलगा साडेसात वर्षांचा, वरचे पुढचे दोन पडलेत त्यातला एक अर्धा आलाय, खालचे नवीन येऊन बसलेत. जेवायला पाऊण तास, कधी तास. घास गालात धरून बसतो, पोळी पाण्याच्या घोटाबरोबर ढकलतो, भाकरी बघितली की तोंड फिरवतो, आणि तुम्हाला असं वाटतंय की तो सगळं उजव्या बाजूनेच चावतो. सासूबाई म्हणतात लहानपणापासून मऊ मऊ घातलंत म्हणून जबडा कच्चा राहिला. आणि तुम्ही रीलमध्ये ते चावायचे रबरी गोळे बघितलेत, ते मागवू का असं विचारताय.

मी गेली २३ वर्षं फक्त लहान मुलांचे दात बघतेय. सरळ उत्तर आधी देते मग पाल्हाळ लावते, कारण पाल्हाळ लागणारच आहे. गोळे मागवू नका. सासूबाई अर्ध्या बरोबर आहेत. आणि तुमच्या सगळ्या लिहिण्यात जे वाक्य तुम्ही शेवटी जाता जाता टाकलंय ना, उजव्या बाजूनेच चावतो, तेच मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतंय.

आता का ते सांगते.

पुढचे दात हे घास तोडायला असतात, चावायला नाही. दळणाचं काम मागच्या दाढांचं. आणि आपल्या जेवणात घास तोडतं कोण? हात. पोळी-भाकरीचा तुकडा आपण बोटांनी मोडतो, भाजीत बुडवतो, तोंडात टाकतो. वरणभात तर कालवूनच जातो. म्हणजे सँडविच, सफरचंद, कणीस, पेरू असलं काही असेल तर पुढचे दात नसल्याचा त्रास होणार हे खरं, पण पोळीभाजी खायला पुढच्या दातांवाचून काही अडत नाही. त्यामुळे "दात पडलेत ना म्हणून हळू खातो" हे उत्तर आईबाबांना पटतं, आजीला पटतं, कधीकधी फॅमिली डॉक्टरलाही पटतं, आणि मागे दुधाच्या दाढेत भोक पडलेलं असतं तिकडे कोणी बघतच नाही. माझ्याकडे अशी मुलं आठवड्याला निदान दोन-तीन येतात.

पण जबडा कच्चा राहिल्याचा विषय निघालाच आहे तर चावायच्या स्नायूंचं नीट सुरुवातीपासून घेऊ, कारण चावणं ही जन्मतः येणारी गोष्ट नाही हेच बऱ्याच जणांना माहीत नसतं. चोखणं जन्मतः येतं. पोटात असतानाच बाळ चोखायला लागतं, आणि चोखणं-गिळणं-श्वास यांचा मेळ साधारण ३२ ते ३४ आठवड्यांना बसायला लागतो, म्हणून त्याआधी जन्मलेल्या बाळांना नळीने दूध द्यावं लागतं. चोखताना काम मुख्यतः जीभ, ओठ आणि गालाचे स्नायू करतात. चावायचे जे खरे स्नायू, म्हणजे गालाच्या मागच्या बाजूचा मॅसेटर, कानशिलावरचा पंख्यासारखा टेम्पोरॅलिस, आणि आतल्या बाजूचे दोन टेरिगॉइड, ते असतात पण त्यांना अजून कोणी कामाला लावलेलं नसतं. तुम्ही आत्ता स्वतःच्या गालावर आणि कानशिलावर बोटं ठेवून दात आवळा, खालचा गोळा फुगतो तो मॅसेटर आणि वर कानशिलाला हलतो तो टेम्पोरॅलिस. मुलाचंही असंच बघा, दोन्ही बाजूंना एकदम बोटं ठेवून. एका बाजूचा जोरात फुगतो आणि दुसरा नुसता थरथरतो असं वाटलं तर लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

जबड्याचा सांधासुद्धा जन्मतः जवळजवळ सपाट असतो. कानासमोर तो जो खळगा आणि त्याच्या पुढचा उंचवटा मोठ्या माणसाच्या एक्सरेत दिसतो तो बाळाला नसतोच म्हटलं तरी चालेल. दुधाचे दात सगळे येईपर्यंत, म्हणजे अडीच-तीन वर्षांपर्यंत, त्या उंचवट्याची साधारण निम्मी उंची तयार होते आणि बाकीची पुढे हळूहळू विशीपर्यंत. म्हणजे बघा, दात, स्नायू, सांधा आणि मेंदू हे चौघं एकत्रच शिकत असतात, एक पुढे गेला की दुसऱ्याला ओढतो.

सहाव्या महिन्याला आपल्याकडे उष्टावण होते, खीर चाटवतात. त्याच सुमारास खालचे पुढचे दोन दात डोकावतात. या वयातलं बाळ तोंडात काही दिलं की जबडा नुसता वर-खाली करतं, उघड-मीट, उघड-मीट. बाजूला दळणं अजून नसतं. मग जीभ बाजूला जायला शिकते, घास मधून हिरडीकडे ढकलायला शिकते, ही जीभ बाजूला जाणं ही फार मोठी पायरी आहे आणि ती दाढा यायच्या आधीच सुरू व्हायला लागते. बारा-तेरा महिन्यांपासून दीड वर्षापर्यंत दुधाच्या पहिल्या दाढा येतात. या दाढा जेव्हा वर-खाली एकमेकींना टेकतात ना, तेव्हा मेंदूला पहिल्यांदा कळतं की जबडा मिटायचा म्हणजे नेमका कुठे मिटायचा. तोपर्यंत मागे काही टेकणच नव्हतं. मग सुळे, आणि दोन ते पावणेतीन वर्षांच्या दरम्यान दुसऱ्या दाढा, असे २० दात पूर्ण. याच काळात गोल गोल दळल्यासारखी हालचाल यायला लागते. गिळणंही बदलतं, लहान बाळ जीभ हिरड्यांच्या मध्ये घालून गिळतं, मोठं मूल दात टेकवून गिळायला शिकतं.

आता सासूबाईंच्या मुद्द्यावर येते. गुठळ्या असलेलं, दाताहिरडीला काहीतरी लागणारं अन्न द्यायला एक ठराविक वय असतं आणि ते वय निसटलं की पुढे जड जातं. ही गोष्ट १९६४ साली इलिंगवर्थ आणि लिस्टर या दोन डॉक्टरांनी मांडली होती, आणि नंतर इंग्लंडात ब्रिस्टलच्या भागातल्या हजारो मुलांचा जो मोठा अभ्यास झाला त्यात दिसलं की ज्यांना ९-१० महिन्यांनंतर गुठळ्यांचं अन्न मिळालं त्यांच्यात ७ व्या वर्षीसुद्धा खाण्याच्या तक्रारी जास्त होत्या, फळं-भाज्या कमी खात होती. सातव्या वर्षी! तुमच्या मुलाचंच वय. म्हणून मी विचारते की दीड वर्षापर्यंत मिक्सरमधून फिरवून दिलंय का? लाजू नका, मी स्वतः दातांची डॉक्टर असून माझ्या मुलाला वर्ष उलटून गेलं तरी मिक्सरमधली खिचडी दिलीये, कारण पाळणाघरात तेच सोयीचं होतं आणि घशात अडकेल ही भीती. मग तो दोन वर्षांचा होईपर्यंत बटाट्याची फोड दिसली की उलटी काढायचा. नंतर सुधारला, पण सहा-आठ महिने गेले त्यात.

पण सासूबाई अर्ध्याच बरोबर असं मी म्हणाले, कारण त्यांचा पुढचा निष्कर्ष असणार की आता कडक भाकरी आणि ऊस द्या म्हणजे जबडा मजबूत होईल. ते इतकं सोपं नाहीये. मऊ अन्नाने जबडा कमी वाढतो याला आधार आहे, नाही असं नाही. रॉबर्ट कोरुचिनी नावाच्या अमेरिकन मानवशास्त्रज्ञाने ८० च्या दशकात आपल्याच देशात चंदीगडच्या बाजूला खेड्यातल्या आणि शहरातल्या तरुण मुलांचे दात तपासले होते, शहरातल्या मऊ खाणाऱ्यांत दातांची ठेवण जास्त बिघडलेली सापडली. २००४ मध्ये हार्वर्डच्या डॅनियल लिबरमन यांच्या गटाने हायरॅक्स नावाच्या सशाएवढ्या प्राण्यांना शिजवलेलं अन्न देऊन वाढवलं, कच्चं-कडक खाणाऱ्यांच्या तुलनेत त्यांच्या चेहऱ्याचा खालचा आणि मागचा भाग साधारण १० टक्के कमी वाढला. हे सगळं खरं. पण चेहऱ्याच्या वाढीत आईबापांकडून आलेलं काय, नाकाने श्वास घेतो का तोंडाने, अंगठा चोखायचा का, हे सगळं मिसळलेलं असतं, आणि ७ व्या वर्षी आठ दिवस भाकरी खाऊन हाड बदलत नाही.

दाबाचं म्हणाल तर तो वयाबरोबर वाढतोच. जॉर्डनमध्ये मुलांचा जास्तीत जास्त चावण्याचा जोर मोजला होता, दुधाचे दात नुकते पूर्ण झालेल्या छोट्यांमध्ये सरासरी १७५ न्यूटनच्या आसपास, आणि सगळे कायमचे दात आलेल्या मुलांमध्ये ५३० च्या आसपास. साध्या भाषेत १८ किलोच्या वजनाइतक्यावरून ५४ किलोच्या वजनापर्यंत. मधल्या दात बदलायच्या वर्षांत तो आकडा मध्येच असतो. पण हा पूर्ण ताकदीने आवळल्यावरचा आकडा आहे, रोजची पोळी चावायला याचा छोटासा हिस्सा पुरतो. म्हणून "ताकद नाही म्हणून चावत नाही" हे साडेसात वर्षांच्या धडधाकट मुलाच्या बाबतीत मला सहसा पटत नाही. धावतो, सायकल चालवतो, चिप्सचं पाकीट पाच मिनिटांत संपवतो, आणि पोळी चावायला ताकद नाही? ताकद असते. दुखत असतं, नाहीतर सवय नसते, नाहीतर नाक बंद असतं.

आता दात बदलण्याच्या काळाबद्दल, कारण तुमचा मूळ प्रश्न तोच. साधारण ६ ते १२ या वयात तोंडात दुधाचे आणि कायमचे असे सरमिसळ दात असतात. या सहा वर्षांत चावण्याची यंत्रणा जणू दुरुस्तीला काढलेल्या रस्त्यासारखी असते, एक बाजू चालू एक बंद, आणि वाहतूक तरीही चालूच ठेवायची. दाताच्या मुळाभोवती जो बारीक पडदा असतो त्यात दाब ओळखणाऱ्या नसा असतात, त्यांच्यामुळे भातातला खडा चटकन कळतो आणि जबडा आपोआप उघडतो. दुधाच्या दाताचं मूळ झिजत जातं तसा हा निरोप देणारा भागच कमी होत जातो, दात हलायला लागतो, मग मेंदू त्या बाजूचा जोर आपणहून कमी करतो. नवा दात येतो तेव्हा त्याचंही मूळ पूर्ण झालेलं नसतं, हिरडीतून बाहेर आल्यावर साधारण तीन वर्षं लागतात मूळ पूर्ण व्हायला. म्हणजे जुना निरोप्या रजेवर आणि नवा अजून शिकाऊ. अशा वेळी मूल थोडं सावध, हळू, इकडून तिकडे घास फिरवत खाणार, यात काहीही आजार नाही. हलणारा दात असेल तर आठ-दहा दिवस एका बाजूने खाणं, हेही नॉर्मल. दात पडला की परत दोन्ही बाजू सुरू व्हायला पाहिजेत. महिना-दोन महिने एकच बाजू चाललीये, तर मग ते नॉर्मल नाही.

सहाव्या वर्षी मागे जी कायमची पहिली दाढ येते ती सगळ्यात फसवी. तिच्या आधी कुठलाही दुधाचा दात पडत नाही, ती दुधाच्या दाढांच्या मागून गुपचूप येते, त्यामुळे निम्म्या आईबाबांना ती दुधाचीच वाटते. "डॉक्टर, पडणारच आहे ना, मग कशाला भरायची?" हे वाक्य ऐकून मी आता चिडत नाही, पण पूर्वी चिडायचे. ती पडणार नाही. ती साठीपर्यंत न्यायची आहे. तिच्यावर खोल खाचा असतात, त्यात कीड लगेच लागते, म्हणून येते तेव्हाच खाचा बुजवून घ्यायच्या, सीलंट म्हणतात त्याला, इंजेक्शन नाही काही नाही दहा-पंधरा मिनिटांचं काम. आणि पुढे दहाव्या-बाराव्या वर्षी दुधाच्या दाढा पडून त्यांच्या जागी उपदाढा येतात तेव्हा चावायचा बराचसा भार या चार दाढांवरच असतो. माझ्या अनुभवात खरं चावणं मंदावतं ते याच वेळी, पाचवी-सहावीतली मुलं, आणि तेव्हा मात्र कोणी तक्रार घेऊन येत नाही कारण तोवर मुलं मोठी झालेली असतात आणि डबा कोण बघतंय.

एक गंमत सांगते जी मला स्वतःला फार आवडते. लहान मूल आणि मोठा माणूस यांची चावताना जबडा हलवायची पद्धत वेगळी असते. मोठा माणूस तोंड उघडताना जबडा जवळपास सरळ खाली नेतो, मग बाजूला नेतो आणि मग दातांवर दात आणतो. लहान मूल उघडतानाच बाजूला नेतं. ही पद्धत बदलते कधी? साधारण बाराव्या वर्षी, कायमचे सुळे येतात त्या सुमारास. आणि ज्यांच्या पुढच्या दातांत वर-खाली मोठी फट राहते, सुळे एकमेकांना लागतच नाहीत, ती माणसं मोठी झाली तरी लहान मुलासारखंच चावत राहतात. म्हणजे दात नुसते कामगार नाहीत, स्नायूंना हालचाल शिकवणारे मास्तर आहेत. तुमचा मुलगा साडेसातचा आहे, तो अजून मुलांसारखंच चावणार, त्याच्या चावण्याची तुलना तुमच्या चावण्याशी करू नका.

आता तुमच्या उजव्या बाजूचं. घरी तीन गोष्टी करा, पैसे लागत नाहीत. गाजराचा किंवा काकडीचा छोटा तुकडा त्याच्या जिभेवर बरोबर मध्ये ठेवा आणि चाव म्हणा, पहिलं कुठल्या बाजूला नेतो ते बघा. त्याला सांगू नका कशासाठी, नाहीतर मुद्दाम करतो. चार-पाच वेगवेगळ्या दिवशी करा. पाचही वेळा उजवीकडेच गेला तर डावीकडे काहीतरी आहे असं समजून चाला. दुसरं, तोंड उघडायला सांगून हळूहळू मिटायला सांगा आणि हनुवटीकडे बघा, अगदी शेवटच्या क्षणी हनुवटी एका बाजूला सटकन सरकते का? तसं होत असेल तर वरचा जबडा अरुंद असून मागचे दात उलटे बसत असतील, क्रॉसबाइट म्हणतो आम्ही, आणि दात जुळवण्यासाठी मूल जबडा बाजूला नेतंय. तिसरं, मोबाईलच्या टॉर्चने दोन्ही बाजूंच्या दाढा बघा. नुसतं काळं शोधू नका. ज्या बाजूने मूल चावत नाही त्या बाजूच्या दातांवर पांढरट-पिवळट थर साचतो, कारण घासाने जी आपोआप सफाई होते ती तिकडे होतच नाही. हे चिन्ह मी रोज वापरते, खुर्चीत बसल्या बसल्या कळतं हे मूल कुठल्या बाजूने जेवतंय.

मध्ये एक आठ वर्षांची मुलगी आली होती, आईची तक्रार अगदी तुमच्यासारखी, घास धरून बसते, वजन वाढत नाही, तीन टॉनिकं झाली, जंताचं औषध झालं. दुखतं का विचारलं तर मुलगी म्हणे नाही. आणि खरंच दुखत नव्हतं, कारण तिने ती बाजू वापरणंच सोडलं होतं, वर्षभर तरी. डावीकडे खालच्या दुधाच्या दुसऱ्या दाढेत मोठं भोक, घास गेला की आत रुतायचा. मुलं दुखण्याशी भांडत बसत नाहीत, ती वाट बदलतात. दाढेचं मुळाचं काम करून वर स्टीलची टोपी बसवली, आणि दोन-तीन आठवड्यांनी आई म्हणाली जेवण अर्ध्या वेळात होतंय. कोणताही व्यायाम नाही, काही नाही. पण प्रत्येक वेळी इतकं पटकन होत नाही हेही सांगते, वर्षभराची सवय असेल तर दाढ दुरुस्त झाल्यावरही मूल जुन्याच बाजूने खात राहतं, मग मुद्दाम डावीकडे घास द्यावा लागतो, खेळ म्हणून, पहिले चार घास डावीकडे असं. क्रॉसबाइटमध्येही तसंच, दात जागेवर आले म्हणून हालचाल लगेच बदलतेच असं नाही, म्हणून ते लवकर करायचं, बारा-तेरा वर्षांची वाट बघायची नाही. दुधाच्या दातांत असेल तर कधीकधी सुळ्याचं टोक थोडं घासून पण काम भागतं, नाहीतर वरचा जबडा रुंदावणारी प्लेट.

आणि कृपा करून दुधाची दाढ काढून टाकायची घाई करू नका. ती खालच्या उपदाढेची जागा राखून बसलेली असते. दुसरी दुधाची दाढ लवकर गेली तर सहा वर्षांची दाढ पुढे सरकते आणि उपदाढेला जागाच राहत नाही. काढावीच लागली तर जागा राखायला तारेची कडी बसवून घ्या, तसा खर्च पुढच्या तारा-ब्रेसेसच्या मानाने काहीच नाही.

नाकाचं विसरू नका. चावताना तोंड मिटलेलं असावं लागतं आणि तेव्हा श्वास नाकानेच घ्यावा लागतो. ज्याचं नाक कायम बंद, अॅडिनॉइड म्हणजे नाकाच्या मागच्या गाठी वाढलेल्या, झोपेत घोरतो, तोंड उघडं टाकून झोपतो, त्याला चावणं आणि श्वास यातलं एक निवडायचं असतं. तो काय निवडणार? दोन-तीनदा चावून पाण्याबरोबर ढकलणार. तुमच्या वर्णनातलं पाण्याबरोबर पोळी ढकलणं यामुळेही असू शकतं. घोरत असेल तर दातांच्या डॉक्टरबरोबर कान-नाक-घसावाल्यांनाही दाखवा.

रात्री दात खातो का हे तुम्ही लिहिलं नाहीये, पण पुढचा प्रश्न तोच येतो म्हणून आत्ताच लिहून टाकते. दात खाणं म्हणजे जंत, हे आपल्याकडे घराघरात पक्कं बसलंय, पण तसा थेट संबंध धरायला पुरेसा पुरावा नाही. दात बदलायच्या वयात बरीच मुलं झोपेत दात करकर खातात आणि मोठी होता होता आपोआप थांबतात. सकाळी जबडा दुखतो म्हणाला, किंवा दात झिजून पिवळे दिसायला लागले, तर दाखवा. नाहीतर सोडून द्या.

रबरी गोळ्यांबद्दल. १९८७ साली युरोपात एक छोटा अभ्यास छापून आला होता, लांबट चेहऱ्याच्या १३ मुलांना वर्षभर रोज २ तास कडक गम चघळायला दिला, त्यांचा चावण्याचा जोर वाढला आणि जबड्याची वाढही थोडी चांगल्या दिशेने गेली असं दिसलं. रोज दोन तास, वर्षभर, आणि ती विशिष्ट ठेवणीची निवडलेली मुलं होती, डॉक्टरांच्या नजरेखाली. रीलमधले गोळे हे जॉलाइन हवी असलेल्या कॉलेजच्या पोरांसाठी विकतात, त्यातलेही काही जण सांधा दुखतो म्हणून येतात. साडेसात वर्षांच्या मुलाच्या तोंडात अर्धा आलेला दात, मुळं पूर्ण न झालेल्या दाढा, आणि त्यावर रबरी गोळा, नकोच. एखाद्या दाढेत कीड असेल तर अजूनच नको.

मग खायला काय द्यायचं. माझं मत असं की दात आहेत तिथे काम द्या, नाहीत तिथे सवलत द्या. पुढचे दात नाहीत तर पेरू, सफरचंद, कणीस अख्खं देऊ नका, बोटाएवढ्या फोडी करून मागच्या दाढेशी द्या. काकडी, गाजर, मुळ्याच्या चकत्या, खोबऱ्याचा तुकडा, थालीपीठ, कडबोळं, थंडीत हुरडा, उसाचे करवे. ऊस चघळून झाला की चूळ भरायला लावा. भाकरी नको म्हणतो तर कडक भाकरीवर अडून बसू नका, ताजी गरम भाकरी वरच्या पापुद्र्यासकट द्या, तो पापुद्रा बऱ्याच मुलांना आवडतो. पोळी दुधात कुस्करून द्यायची सवय असेल तर ती एकदम बंद न करता रोज थोडी कमी कुस्करा. जेवताना पाण्याचा पेला समोर ठेवू नका, घास गिळून झाल्यावर द्या. मोबाईल-टीव्ही बंद, कारण घास गालात धरून बसणारी बहुतेक मुलं स्क्रीनकडे बघत असतात, तोंडात काय आहे हेच विसरलेली असतात. घासही छोटा करा, भरल्या तोंडात जिभेला घास फिरवायला जागाच नसते. आणि ३२ वेळा चाव वगैरे मोजायला लावू नका, जेवणाची शाळा होते.

घरात चार वर्षांच्या आतलं दुसरं लेकरू असेल तर ही यादी त्याच्यासाठी नाही. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, चणे, अख्खी द्राक्षं त्या वयात श्वासनलिकेत अडकतात. बोरन्हाणात आपण हौसेने बोरं, चुरमुरे, भुईमुगाच्या शेंगा, गोळ्या डोक्यावरून ओततो आणि बाकीची पोरं जमिनीवरून उचलून तोंडात घालतात, तेव्हा माझा जीव खालीवर होत असतो. ओता, पण छोट्यांच्या हाताकडे एकीने लक्ष ठेवा.

घास खरंच घशात अडकतोय, जेवताना ठसका लागतोय, वजन घटतंय, तोंड नीट उघडत नाही, किंवा बोलणंही उशिरा आलं होतं, यातलं काही असेल तर हा नुसता दातांचा विषय नाही, मग बालरोगतज्ज्ञ आणि गिळण्या-बोलण्याची थेरपी करणारे यांच्याकडे जावं लागतं. तुमच्या लिहिण्यावरून तरी तसं वाटत नाही.

तर आधी ती गाजराची टेस्ट करा, मग लहान मुलांच्या दातांच्या डॉक्टरकडे जा आणि त्यांना "जेवत नाही" असं सांगू नका, "डावीकडे चावत नाही" असं सांगा, म्हणजे ते थेट तिकडेच बघतील. दोन्ही बाजूंचा छोटा एक्सरे काढा म्हणावं, दोन दाढांच्या मधली कीड वरून दिसत नाही. काय निघालं ते मला कळवा, विशेषतः डावीकडच्या दुधाच्या दुसऱ्या दाढेचं.